नळावरचा दुसरा नंबर

कुसुमताईंचा मला पहिल्या दिवसापासून हेवा वाटला, आणि त्याला कारण झाला एक तांब्याचा बंब, जो मी तोवर पाहिलाही नव्हता.

सत्तावन्न सालचा मार्च महिना. पिंपरीला औषधाचा कारखाना सुरू होऊन दीडएक वर्ष झालं होतं आणि कामगारांची क्वार्टर्स एका ओळीमागून दुसरी अशी उभी राहत होती. आमच्या ह्यांना, म्हणजे मारुतरावांना, तिथे पॅकिंगमध्ये नोकरी लागली. परांड्याकडचं गाव सोडून आम्ही दोघं एक ट्रंक, एक वळकटी आणि एक पितळी घागर घेऊन आलो. ओळीतली पहिली दोन क्वार्टर्सच तेवढी भरणार होती, बाकीच्या दारांना अजून रंग लागायचा होता. शेजारच्या दारात एक उंच, सावळी बाई कमरेवर हात ठेवून उभी होती आणि समोरच्या उजाड माळाकडे बघत होती.

ओळख काढायची म्हणून मी विचारलं, "सामान मागून येतंय का तुमचं?"

"सामान आलंय," त्या म्हणाल्या. "बंब न्हाई आणला. बंब पुण्यात हाय, आमच्या खोलीत."

गावाकडे एखादी बाई आपली बागायत कुठे आहे ते सांगते, त्या तोऱ्यात त्यांनी हे सांगितलं. मला ते लागलं. आमच्या मागे काहीच उरलं नव्हतं. सासरे गेले, दिरांनी वाटण्या केल्या, आमच्या वाट्याचं विकून आम्ही निघालो. मागे वस्तू नाही, खोली नाही, चिडून पत्र लिहावं असं माणूसही नाही. आणि ही बाई मात्र एक पाय पुण्यात ठेवून पिंपरीला राहायला आली होती.

उद्धवराव कदम हे त्यांचे यजमान. मूळचे साताऱ्याकडचे, पण बारा वर्षं पुण्यात रविवार पेठेत एका चाळीत काढलेले. कारखान्यात बॉयलरवर लागले, क्वार्टर मिळालं आणि दोन मुलांना घेऊन इकडे आले. खोली सोडली नाही. तिथे धाकटा भाऊ मालोजी आणि त्याची नवी बायको इंदू यांना ठेवलं. तात्पुरतं, असं कुसुमताई दर वेळी म्हणायच्या. आणि खोलीवर आपला हक्क राहावा म्हणून बंब मुद्दाम मागे ठेवला होता. पहिल्या बाळंतपणानंतर वडिलांनी दिलेला, तांबट आळीतून करून आणलेला, पोटावर 'सौ. कुसुम उद्धवराव कदम' असं नाव घातलेला बंब.

"वस्तू असली की खोली आपली," त्या मला समजावायच्या. "माणूस गेलं तरी चालतं. भांडं ऱ्हायलं पायजे, नावाचं."

क्वार्टरमध्ये दोन खोल्या, विजेचा दिवा, मागे न्हाणीघर आणि न्हाणीत स्वतःचा नळ. मी तर पहिले आठ दिवस तो नळ नुसताच उघडत आणि बंद करत होते. आमच्या गावी उन्हाळ्यात पाण्यासाठी मैलभर जावं लागायचं. कुसुमताईंना त्या नळाचं काडीचं कौतुक नव्हतं. त्यांचं पुणं आणि पिंपरी यांचं तोलणं दिवसभर चालायचं, भाजी निवडताना, मुलीची वेणी घालताना, भांडी घासताना, आणि दर वेळी पारडं पुण्याकडे झुकायचं. पुण्यात खोली अंधारी, पण खाली उतरलं की मंडई. इथे उजेड, वारा, पण मीठ संपलं तर पिंपरी गावापर्यंत पायपीट. पुण्यात संडासापुढे रांग. मान्य. पण गणपतीत गल्लीच्या तोंडाशी उभं राहिलं की सगळी रोषणाई दिसायची. इथे बाभळी आणि कोल्हे. आणि वारा कारखान्याकडून आला की त्या औषधाचा वास.

"आणि पाणी?" मी मुद्दाम विचारायची. "पाणी तर इथे चोवीस तास आहे."

"हाय की. पण नळावर कोण हाय? मी आणि नळ."

मग नंबराची गोष्ट निघायची. रविवार पेठेतल्या त्या चाळीत चौदा बिऱ्हाडं आणि मिळून एक नळ. पाणी पहाटे एकदा आणि दुपारी चारला एकदा. कुणी आधी भरायचं याचे वाद होऊ नयेत म्हणून बायकांनी फार पूर्वीपासून नंबर लावलेले. जे बिऱ्हाड आधी आलं त्याचा नंबर आधी. कुणी सोडून गेलं, कुणी वारलं की मागचे सगळे एकेक पाऊल पुढे. कुसुमताई आल्या तेव्हा तीन खोल्या रिकाम्या होत्या, म्हणून त्या अकराव्या. बारा वर्षांत दुसऱ्या झाल्या. पहिल्या नंबरावर रुक्मिणीबाई, चाळ बांधली तेव्हापासूनच्या.

"त्यांच्यानंतर माझाच व्हता पहिला," कुसुमताई सांगायच्या आणि लगेच म्हणायच्या, "देव त्यांना शंभर वर्सं देवो."

खरं सांगते, मला त्या नंबराचा जेवढा हेवा वाटला तेवढा पुढे कुणाच्या दागिन्यांचाही वाटला नाही. अकरापासून दोनपर्यंत. एकेका पायरीला कुणाचं तरी आजारपण, कुणाची बदली, कुणाचं भांडण. ती बाई बारा वर्षं एका जागी अशी मुरली होती. मी बावीस वर्षांची होते आणि जगात कुठेच माझा कितवाही नंबर नव्हता.

पण त्यांच्या पोटात जे जळत होतं ते वेगळंच होतं. त्यांनी खोली सोडली त्याच्या दुसऱ्या दिवशी पहाटे इंदू, लग्न होऊन तीन महिने झालेली पोरगी, बादली घेऊन नळावर गेली आणि सरळ दुसऱ्या नंबरावर उभी राहिली. कुणी हरकत घेतली नाही. रुक्मिणीबाईंनीच निकाल दिला होता की नंबर बिऱ्हाडाचा असतो, बाईचा नसतो.

"बारा वर्सं मी पाय मोडले," कुसुमताई म्हणायच्या. "आणि ती आयती."

दर रविवारी त्या पुण्याला जायच्या. कारण काहीही असायचं, तेल, मंडई, कुणाचं बारसं. पिंपरी स्टेशनवरून लोणावळ्याहून येणारी गाडी पकडायची, पुणे स्टेशनात उतरून टांगा करायचा. खरं काम एकच, बंब बघायचा. एका रविवारी मी त्यांच्याबरोबर गेले. मला पुणं बघायचं होतं आणि इंदूलाही.

इंदू बुटकी, गोरी, बोलताना अर्धं हसणारी. "या अक्का," म्हणून तिने चटई टाकली. खोली दहा बाय बाराची असेल, पण खिडकीला फुलांचा पडदा होता आणि भिंतीवर नवं कॅलेंडर. कोपऱ्यात बंब. मी पाहतच राहिले. तो इतका लखलखत होता की माझं तोंड त्यात दिसत होतं. कुसुमताईंनी चहाही घेतला नाही तोवर झाकण उचललं, आत हात घालून बघितलं, नावाच्या अक्षरांवरून बोट फिरवलं. काही खोट सापडली नाही.

चारच्या सुमाराला नळाला पाणी आलं. इंदू बादली घेऊन गेली. कुसुमताई खोलीतच बसून राहिल्या, कपबशी हातात धरून. खालून कुणीतरी हाक दिली, "दोन नंबर, इंदूवहिनी!" कपबशी वाजली. मी पाय धुवायला म्हणून तांब्या घेऊन खाली गेले. बायकांनी मला पाहिलं आणि दोन्हीकडे सरकल्या. "पाहुण्या आहेत, भरू द्या आधी," एक म्हणाली. रुक्मिणीबाईंनी आपली कळशी बाजूला घेतली आणि मी सगळ्यांच्या आधी तांब्या भरला. परत येताना गाडीत मी ते तीन वेळा सांगितलं. मला अगदी धन्य वाटत होतं.

कुसुमताई हसल्या. "पावणीला नंबर नसतो गं. म्हणून आधी."

मग खडकी गेल्यावर त्या म्हणाल्या, "माझ्या वेळी बंब एवढा चमकत नव्हता."

"चिंच जास्त लावत असेल ती," मी म्हणाले. "आणि पडदा किती छान लावलाय. खोली उजळून निघाली नाही?"

हे मी का बोलले ते मला तेव्हाही माहीत होतं. मला तांब्या भरून जे मिळालं होतं ते त्यांनी एका वाक्यात काढून घेतलं होतं, म्हणून मी दिवसभर सांभाळलेली टाचणी टोचली.  त्यानंतर असं टोचायची मला सवयच लागली. रविवारी त्या आल्या की मी विचारायची, "काय म्हणते इंदू? दुसऱ्या नंबरावर रुळली की नाही?"

असं दीड वर्ष गेलं. ओळ भरली. दारांना रंग लागले, रस्त्यावर मुरूम पडला, लिंबाची रोपं लावली. कुसुमताईंनी मात्र दारात एक तुळससुद्धा लावली नाही. पुण्याला जायचंच आहे, इथे कशाला, असं त्यांचं म्हणणं.

अठ्ठावन्न सालच्या दिवाळीआधी चाळीच्या मालकाने निरोप धाडला. जो राहतो त्याच्याच नावावर भाड्याची पावती हवी. उद्धवराव राहत नाहीत, तेव्हा एक तर खोली मालोजीच्या नावावर करून द्या आणि कागदावर सही करा, नाहीतर स्वतः परत राहायला या. दिवाळीच्या आत काय ते कळवा.

उद्धवराव शांत माणूस. बॉयलरपुढे आठ तास उभं राहून आलेला माणूस घरी भांडत नाही. दारातल्या पायरीवर बसून त्यांनी बायकोला सांगितलं. मी माझ्या दारात तांदूळ निवडत होते, मला सगळं ऐकू येत होतं.

"दोन वाटा हायत," ते म्हणाले. "सही करायची, न्हाईतर परत जायचं. परत जायचं तर क्वार्टर सोडतो. मी गाडीनं ये-जा करीन, माझं काय. मालोजी बघंल दुसरीकडं. पण एकदा क्वार्टर सोडलं की परत न्हाई मिळणार, आणि खोली सोडली की ती पण न्हाई. तू म्हणशील तसं. माझ्याच्यानं न्हाई ठरवणं व्हायचं."

आता तोलायला खरंखुरं काहीतरी होतं आणि कुसुमताईंना तोलता येईना. आठ दिवस त्यांनी भाजी जाळली. काळेवाडीहून दूध घालायला रतनबाई यायची, नदीपलीकडून, डोक्यावर चरवी घेऊन. तिला त्यांनी विचारलं, "रतनबाई, शहरात ऱ्हावं का हितं?"

"मला काय इचारता," रतनबाई म्हणाली. "मी पुन्याला एकदाच गेलते. लई मान्सं हायती, पर कुनी कुनाकडं बगत न्हाई."

"नळावर ये चार वाजता. मग बघत्यात का न्हाई ते कळंल."

"आन् हितं कोन बगत न्हाई व्हय तुमाला? मी रोज बगते की." रतनबाईने माप ओतलं आणि ती पुढच्या दाराला गेली.

मग त्यांनी मला विचारलं. माझ्या पायरीवर येऊन बसल्या आणि म्हणाल्या, "शालन, तू काय करशील माझ्या जागी?"

माझ्या मनात काय होतं ते आज लिहून टाकते. त्यांनी सही करावी असं मला वाटत होतं. त्यांच्या भल्यासाठी नाही. त्यांचं मागचं दार बंद व्हावं, त्यांनाही माझ्यासारखं इथलंच व्हावं लागावं, म्हणून. त्या परत गेल्या असत्या तर मी इथे राहिले असते आणि त्या तिथे, गणपतीच्या रोषणाईत, दुसऱ्या नंबरावर. ते मला सोसलं नसतं. पण तोंडावर 'सही करा' म्हणायची माझी छाती नव्हती.

म्हणून मी म्हणाले, "ताई, घरी बसून काय कळणार? रविवारी जा. चार वाजता घागर घेऊन तुमच्या नंबरावर उभ्या राहा. मग आपोआप कळेल."

हे बोलताना मला नळाजवळ सरकलेल्या त्या बायका आठवत होत्या.

दिवाळीच्या आदल्या रविवारी कुसुमताई पुण्याला निघाल्या, ठेवणीतलं लुगडं नेसून, कडेवर स्वतःची रिकामी घागर घेऊन. मी बरोबर होते. पिंपरी स्टेशनवर लोक वळून बघत होते. गाडीत समोरच्या बाईने विचारलं, "कल्हईला नेता का?" "न्हाई," कुसुमताई म्हणाल्या, "पाण्याला."

खोलीवर इंदू म्हणाली, "अक्का, घागर कशाला आणली? घरात होती की."

"असू दे."

चारला पाण्याची चाहूल लागली. कुसुमताई खाली उतरल्या. इंदू बादली घेऊन मागे, तिच्यामागे मी. नळापुढे कळश्या आणि बादल्या नंबराने मांडलेल्या होत्या. पहिली रुक्मिणीबाईंची. तिच्यामागे एक जागा मोकळी होती, इंदूच्या बादलीची. तिथे कुसुमताईंनी आपली घागर ठेवली आणि त्या कंबर सावरून उभ्या राहिल्या. इंदू बादली घेऊन कडेला झाली. मला वाटलं, जिंकली ही बाई.

पाणी आलं. रुक्मिणीबाईंची कळशी नळाखाली होती. त्यांनी मान वळवून पाहिलं, डोळे बारीक केले आणि ओळख पटल्यावर तोंड भरून हसल्या. मग अर्धी भरलेली कळशी दोन्ही हातांनी बाजूला ओढली.

"कुसुम, ये. लांबनं आलीस. आधी तू भर."

"तुमची भरू द्या," कुसुमताई म्हणाल्या. "मी दुसरी हाय."

"अगं, पावणीला कुणी थांबवतं का? एवढी रीत हाय आपल्या नळाची. ये."

आणि सगळ्या बायका दोन्हीकडे सरकल्या, मला सरकल्या होत्या तशाच. कुणाच्याही मनात काही वाईट नव्हतं. एकीने तर कौतुकाने कुसुमताईंच्या पाठीवर हात ठेवला. नळ मोकळा वाहत होता, पाणी फरशीवरून गटारात चाललं होतं, आणि कुसुमताई घागर उचलायला वाकत नव्हत्या. बारा वर्षं ज्या पहिल्या नंबराची वाट पाहिली तो असा समोर वाहत होता. मी ओशाळले. इतकी ओशाळले की मान वर करवेना.

"पाणी चाललंय गं," कुणीतरी म्हणालं.

मग त्यांनी घागर नळाखाली धरली, भरली, कडेवर घेतली आणि जिना चढून वर आल्या. वर येऊन त्यांनी ती सगळीच्या सगळी घागर इंदूच्या माठात ओतली.

"मालोजी आला की त्याला सांग," त्या इंदूला म्हणाल्या, "कागद घेऊन ये म्हणावं. हे सही करतील."

इंदूच्या डोळ्यांत पाणी आलं. ती पाया पडायला वाकली. कुसुमताईंनी तिला वर उठवलं आणि तिच्या खांद्यावरून कोपऱ्याकडे बोट दाखवलं. "बंब मात्र मी नेणार."

"न्या की अक्का. तुमचाच आहे. नाव आहे तुमचं."

तिने निदान थोडं नाक मुरडलं असतं तर कुसुमताईंना बरं वाटलं असतं. तिने तर राख काढून, कोरड्या फडक्याने पुसून, दांडीला चिंधी गुंडाळून दिली. आम्ही दोघींनी तो बंब टांग्यात घातला, टांग्यातून गाडीत, आणि गाडीत मधे ठेवून दोन बाजूंना बसलो. एकाने विचारलं, "विकायचा आहे का बाई?" कुसुमताई त्याला म्हणाल्या, "वाचता येतं ना? वाचा मग नाव." तो माणूस खरोखर वाकून वाचू लागला.

दापोडीचा पूल आला तेव्हा त्या माझ्याकडे न बघता म्हणाल्या, "तुला ठाऊक व्हतं."

"काय?"

"मला आधी भरू देतील ते. तुला पण दिलं व्हतं त्यांनी."

मी पुलाखालचं पाणी बघत राहिले. नाही म्हणायचं धाडस झालं नाही आणि हो म्हणायचंही.

मला वाटलं होतं, पुण्याची खोली गेली की आम्ही दोघी सारख्या होऊ. झालो नाही. आता त्यांच्याकडे बंब होता. न्हाणीत धुराला वाट नव्हती, म्हणून मागच्या अंगणात पेटवायच्या. सकाळी धूर आमच्या खिडकीत यायचा आणि मी गार पाण्याने अंग धुताना चरफडायची. त्यांनी बोलणं टाकलं नाही, पण माझ्या पायरीवर येऊन बसणं बंद केलं. पुण्याचं नावही बंद. रविवारी त्या घरीच असायच्या. एकदा पाहिलं तर दाराशी खड्डा खणून तुळस लावत होत्या. मी मदतीला गेले, तर म्हणाल्या, "झालंय माझं."

सहा महिने असे गेले. मला पहिल्यांदा कळलं की त्या पुण्याचं गाणं गात होत्या तेव्हा मी त्यांच्यावर जळत होते खरी, पण माझे दिवस त्या गाण्यावरच जात होते.

एकोणसाठच्या मे महिन्यात आमच्या ओळीचा पाण्याचा पाइप जमिनीखाली फुटला. सगळ्या न्हाण्या कोरड्या. दुरुस्तीला चार दिवस लागणार, असं कळलं. झाडांना पाणी घालायला म्हणून कुसुमताईंच्या अंगणामागे एक उघडा नळ होता, तो दुसऱ्या पाइपावर असल्यामुळे तेवढा चालू राहिला. कारखान्याचा भोंगा वाजायच्या आत ओळीतल्या बाराही जणी तिथे. काय तो गोंधळ. सगळ्यांना घरात स्वतःचा नळ असायची सवय, रांग कशी लावायची कुणाला माहीत नाही. कुणी बादली मधेच सरकवतंय, कुणाची कळशी कलंडली, दोघींची तर जुंपलीच.

त्या आठवड्यात इंदू जावेकडे उन्हाळ्याची राहायला आलेली होती. ती दारात उभी राहून हसत होती.

कुसुमताई बाहेर आल्या. त्यांनी आधी नळ बंद केला.

"असं न्हाई भरत पाणी," त्या म्हणाल्या. "नंबर लावा. ओळीत जी आधी आली तिचा नंबर आधी. पण त्याच्या आधी पावणी." त्यांनी मागे बघितलं. "इंदू, बादली आण. तू भर."

"मी कशाला अक्का, मी थांबते की."

"पावणीला कुणी थांबवतं का?"

इंदू लाजत लाजत पुढे झाली. बायका दोन्हीकडे सरकल्या. तिने बादली भरली आणि सगळ्यांकडे बघून हसली, गाडीत मी हसले असेन तशीच. तिच्या काही ध्यानात आलं असं मला दिसलं नाही. कुसुमताईंच्या तोंडावरची रेष हलली नाही, पण इंदू बादली घेऊन आत जाईपर्यंत त्या तिच्याकडे बघत होत्या, आणि त्या बघण्यात दोन वर्षांचं सगळं होतं.

मग त्यांनी आपली घागर नळाखाली ठेवली. "पहिला माझा."

घागर भरली. त्यांनी ती कडेवर घेतली आणि नळ वाहता ठेवून ओळीवरून नजर फिरवली. मी सगळ्यांच्या मागे, कुंपणाला टेकून उभी होते. पुढे यायचं मला तोंड नव्हतं.

"दुसरी शालन," त्या म्हणाल्या. "ती आणि मी एकाच दिवशी आलो. तिसरं कोण आलं ते तुमी बोला."

सगळ्या वळून माझ्याकडे बघायला लागल्या. माझ्या पुढेच विमलबाई उभी होती, फाल्गुनात राहायला आलेली, कडेवर तापाने सुकलेलं मूल. माझ्या मनात नाही नाही ते येत होतं, डोळे भरून येत होते, आणि काहीतरी चांगुलपणा करावा म्हणून मी बोलले, "ताई, ह्यांना भरू द्या माझ्या आधी. मी थांबते."

"तिचं मी भरून देते माझ्या घागरीतलं," कुसुमताई म्हणाल्या आणि त्यांनी तिथल्या तिथे आपली घागर विमलबाईच्या कळशीत ओतली. मग मला जरा दरडावून म्हणाल्या, "तू नंबर सोडू नको. एकदा सोडला की पावणी व्हशील."

मी पुढे झाले आणि माझी पितळी घागर नळाखाली धरली.